डॉक्सिजनच्या साहाय्याने कमांड लाइनवरून कोडचे डॉक्युमेंटेशन

सी किंवा सी प्लस प्लसमधील प्रकल्पाची माहिती कोडपासून वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवली, की कोड पुढे जातो आणि माहिती जुनीच राहते. दिमित्री व्हान हेश यांचे १९९७ पासून उपलब्ध असलेले डॉक्सिजन हे साधन कोडमधील कॉमेंट (प्रोग्रॅमरने लिहिलेल्या स्पष्टीकरणाच्या टिपा) वाचून त्यांतूनच वेबपाने तयार करते, त्यामुळे ही तफावत बरीच कमी होते.

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल डॉक्सिजन’ या कमांडने ते बसवता येते. (येथील कमांड व पर्याय वाचनासाठी देवनागरीत दिले आहेत; टर्मिनलवर ते अर्थातच रोमन अक्षरांत आणि पर्यायांच्या नावांतील शब्द अंडरस्कोरने जोडून लिहावेत.) त्यानंतर प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमध्ये ‘डॉक्सिजन -जी’ चालवावे. त्याने ‘डॉक्सीफाइल’ नावाची लांबलचक फाइल तयार होते, पण तिच्या लांबीला बिचकण्याचे कारण नाही, कारण तिचा बहुतांश भाग स्पष्टीकरणाचाच असतो.

सुरुवातीला त्यातील मोजकेच पर्याय बदलावे लागतात. ‘प्रोजेक्ट नेम’मध्ये प्रकल्पाचे नाव आणि ‘इनपुट’मध्ये कोडचे फोल्डर लिहावे. ‘रिकर्सिव्ह’ हा पर्याय मुळात ‘नो’ असतो व तो ‘येस’ केला नाही, तर आतील फोल्डर मुकाट्याने वगळले जातात. पीडीएफ नको असल्यास ‘जनरेट लेटेक’ (पीडीएफसाठी लागणाऱ्या लेटेक फाइली बनवणारा पर्याय) बंद करावे. मग नुसते ‘डॉक्सिजन’ चालवले, की ‘एचटीएमएल’ फोल्डरमधील ‘इंडेक्स’ पान ब्राउझरमध्ये उघडता येते.

पहिल्यांदा ते पान बहुधा निराशच करते. फंक्शनच्या वर तिरपी रेघ व दोन तारकांनी सुरू होणारी कॉमेंट नीट लिहिलेली असते, तरी ते फंक्शन यादीत दिसत नाही. क्लासबाहेरील फंक्शन दिसण्यासाठी ते ज्या फाइलमध्ये आहे, त्या फाइलचीही नोंद हवी, म्हणजे फाइलच्या आरंभीच्या तशाच कॉमेंटमध्ये ‘@फाइल’ लिहिलेले हवे. हे ठाऊक नसल्याने अनेकजण ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ ‘येस’ करून मोकळे होतात. माझ्या मते हा आडमार्ग महागात पडतो, कारण त्यामुळे सगळे काही पानावर येते खरे, पण कोणत्या फंक्शनला कॉमेंटच नाही हे सांगणाऱ्या सूचनाही (वॉर्निंग्ज) आपोआप बंद होतात.

वास्तविक टर्मिनलवर उमटणाऱ्या या सूचना तयार पानांइतक्याच मोलाच्या आहेत. समजा, व्याज काढणाऱ्या फंक्शनमधील ‘दर’ या पॅरामीटरचे (फंक्शनला पुरवायच्या मूल्याचे) नाव बदलून कोणी ‘वार्षिक दर’ केले आणि वरच्या कॉमेंटमधील ‘@पॅरम दर’ तसेच राहिले, तर असे नाव फंक्शनच्या पॅरामीटरांच्या यादीत सापडत नाही, हे डॉक्सिजन फाइलचे नाव व ओळीच्या क्रमांकासह सांगते. कंपायलर सहसा कॉमेंट तपासत नसल्यामुळे ही चूक त्याच्याकडून बहुधा पकडली जात नाही.

अशा सूचना दुर्लक्षित राहू नयेत यासाठी ‘वॉर्न ॲज एरर’ या पर्यायात ‘फेल ऑन वॉर्निंग्ज’ लिहावे. तेथे ‘येस’ लिहिल्यास काम पहिल्याच सूचनेपाशी थांबते. ‘फेल ऑन वॉर्निंग्ज’मुळे मात्र सर्व सूचना छापून झाल्यावर कमांड अयशस्वी ठरते, म्हणून स्वयंचलित बिल्डमध्ये (कोडपासून प्रोग्रॅम आपोआप तयार करण्याच्या प्रक्रियेत) हाच पर्याय सोयीचा पडतो. जुन्या प्रकल्पात आधी साचलेल्या सूचना निस्तराव्यात आणि मगच तो लावावा, नाहीतर पहिल्याच दिवशी सगळ्यांचे बिल्ड अडकून पडेल.