शून्य क्षणाजवळचं शिखर

पंप-प्रोबच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा शिरले तेव्हा वाटलं होतं, आता रेणू तुटताना दिसणार. दिसली ती पडद्यावरची एक थरथरती रेघ. अभिक्रिया कुणालाच दिसत नाही. दिसतो तो नमुन्याने शोषलेल्या प्रकाशातला फरक, बऱ्याचदा एका टक्क्याहूनही कमी. बाकीचं आपण त्यावरून ताडायचं.

युक्ती मात्र झकास आहे. लेसरचा पहिला स्पंद, म्हणजे पंप, अभिक्रिया सुरू करतो; दुसरा, म्हणजे प्रोब, जरा मागून येऊन तिची अवस्था टिपतो. मधला वेळ घड्याळाने नव्हे, अंतराने मोजतात. प्रोबच्या वाटेतला आरसा १ मायक्रोमीटर मागे सरकवला की जाऊन-येऊन प्रकाशाची वाट २ मायक्रोमीटरने लांबते, म्हणजे सुमारे ६.७ फेम्टोसेकंद (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद) उशीर. रसायनशास्त्रज्ञ अहमद झेवैल यांच्या गटाने १९८७ मध्ये आयोडीन सायनाइडचा बंध तुटताना टिपला तो असाच. त्याला लागले होते जेमतेम २०० फेम्टोसेकंद.

माझे पहिले दोन महिने एका शिखरापायी गेले. शून्य क्षणापाशी, म्हणजे दोन्ही स्पंद एकाच वेळी पोचतात तिथे, ते हमखास यायचं. मला वाटलं, अभिक्रियेत मधेच तयार होऊन लगेच नाहीसा होणारा रेणू, अल्पायुषी मध्यस्थ, सापडला! आलेख रंगवून गाइडांपुढे ठेवले. त्यांनी एवढंच विचारलं, "नुसत्या द्रावकाचं मोजलंस?" नव्हतं मोजलं. मोजलं, तर शिखर तिथेही हजर. दोन्ही स्पंद द्रावकात आणि क्युव्हेटच्या (नमुना ठेवायच्या पारदर्शक कुपीच्या) भिंतीत एकाच वेळी पोचले की असा भास उमटतो. तेव्हापासून आधी कोरा द्रावक, मग नमुना. पंपची शक्ती निम्मी करून सिग्नलही निम्मा होतो का, हेही बघते. नाही झाला तर रेणू एकाऐवजी दोन फोटॉन गिळत असण्याची शंका घ्यावी.

खरं तर अभिक्रियेचा वेग मोजायची सुरुवात लेसरने करूच नका. क्रिस्टल व्हायोलेट या जांभळ्या रंगद्रव्याच्या अगदी विरळ द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड भरपूर घाला आणि ५९० नॅनोमीटरजवळ शोषण मोजत बसा. जांभळा रंग मिनिटांत फिका पडतो. शोषणाच्या लॉगॅरिदमचा वेळेशी आलेख सरळ येतो. हायड्रॉक्साइड दुप्पट केलं की उतारही जवळजवळ दुप्पट. मग तोच प्रयोग मॅलाकाइट ग्रीन या हिरव्या रंगद्रव्यावर करा. हा रंग लवकर उडतो. दोघांतही हायड्रॉक्साइड मधल्या धनभारित कार्बनवर चढतं, पण व्हायोलेटला त्या कार्बनला इलेक्ट्रॉन पुरवणारे डायमिथिलअमिनो गट तीन, ग्रीनला दोनच; म्हणून व्हायोलेटच्या कार्बनवरचा धनभार जास्त निवतो आणि हायड्रॉक्साइड तिथे सावकाश चढतं. पुस्तकात हे मी कितीदा वाचलं होतं, पण पटलं ते दोन्ही उतार एका कागदावर काढले तेव्हा.