फायबर चढवलेलं मॉडेल विमान घासताना या चुका टाळा

पावसात गोव्यातली मैदानं चिखलाने भरतात, म्हणून आपल्याकडचे बरेच मॉडेलवाले जून ते सप्टेंबर घरात बसून विमान बांधतात. सांगाडा उभा करायला हा काळ उत्तम. पण बाल्साच्या हलक्या लाकडावर फायबर (काचेचं कापड आणि रेझिन) चढवून ते घासायला आणि रंगवायला याच्याइतके वाईट दिवस नाहीत, त्यात चवथीला पाहुण्यांना विमान दाखवायची घाई. फिनिश बिघडलं की दोष सँडपेपरच्या नंबरवर ढकलला जातो. बहुतेक वेळा गडबड त्याआधीच झालेली असते आणि ती घासून काढायच्या नादात खालचं कापड फाटतं.

होडीचं सामान विमानाला

मांडवी-झुआरीच्या काठाने फायबरच्या होड्या बनतात, त्यामुळे रेझिन आणि मॅट (काचेच्या सुट्या धाग्यांची चटई) इथे सहज मिळते. ती मॅट उचलू नका. होडीला लागणारी मॅट चौरस मीटरला ३०० किंवा ४५० ग्रॅमची असते, वर स्वतःच्या दुप्पट वजनाचं रेझिन पिते. मध्यम आकाराच्या मॉडेलला २५ ग्रॅमचं विणलेलं कापड पुरतं. शिवाय मॅटमधले धागे बांधून ठेवणारा चिकट पदार्थ पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सी रेझिनमध्ये तसा विरघळत नाही. मग मॅट नीट भिजत नाही, कडा उभ्याच राहतात. पॉलिएस्टर रेझिन वापरायचं म्हटलं, तर थर्माकोलचा पंख डोळ्यांदेखत वितळतो. थोडक्यात, पातळ इपॉक्सी आणि हलकं कापड, बाकी सगळं होडीवाल्यांना.

न धुता घासणं

आपल्या हवेत सगळ्यात जास्त विमानं इथेच बिघडतात. दमट हवेत इपॉक्सी सुकताना रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरमधल्या अमाइन या रसायनाची हवेतल्या पाण्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी गाठ पडते आणि पृष्ठभागावर मेणासारखा पातळ थर येतो. डोळ्यांना तो धड दिसत नाही, पण बोट फिरवलं की तुपट लागतं. त्यावर थेट पेपर मारला की पेपर भरतो, चिकट गोळ्या सुटतात आणि तो थर ओरखड्यांमध्ये दाबला जातो. पुढे प्रायमर मारला की जागोजागी गोल खळगे पडतात आणि माणूस प्रायमरच्या कंपनीला शिव्या घालतो.

हा थर पाण्यात विरघळतो, थिनरने नुसता पसरतो. कोमट पाणी आणि भांड्यांची नवी हिरवी घासणी घेऊन पुसा, लगेच स्वच्छ फडक्याने कोरडं करा. बिजागरीच्या खाचा, पंख बसतो ती जागा, असं उघडं लाकूड जिथे असेल तिथे फडकं फक्त ओलसर ठेवा. त्यानंतरच पेपर. सुकी पांढरी पूड पडली तर रेझिन तयार आहे. धुऊनही पेपर भरत असेल तर अजून कच्चं आहे, थांबा. पुठ्ठ्याच्या खोक्यात साधा पिवळा बल्ब लावून ३५ ते ४० अंशांची ऊब दिली तर पावसातही काम पुढे सरकतं.

रेझिन सकाळी लावू नका, ही एक जोड. दिवस तापत जातो तशी बाल्सातली हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढते. टाचणीच्या टोकाएवढी ती भोकं नंतर रडवतात. उन्हं कलल्यावर लावा.

कापडापर्यंत पोचणं

२५ ग्रॅमचं कापड जेमतेम ०.०३ मिमी जाडीचं. रेझिनच्या पहिल्या हाताने कापड चिकटतं, विणीची भोकं दुसऱ्या हाताने भरतात, आणि घासायचा तो हा दुसरा हात. घासताना पृष्ठभाग मंद पांढरा होत जातो, खोलगट जागी चमकणारे ठिपके उरतात. ते ठिपके संपवायचा मोह आवरा. ते लांबीने (पुटीने) किंवा प्रायमरने भरायचे असतात. चंदेरी धागे दिसले, बोटाला लव लागली, की कापड कापलं गेलं. तिथे आणखी घासून काही सुधारत नाही. थोडा मोठा तुकडा रेझिनने बसवा आणि त्याच्या कडा उतरत्या करा.

कडांवर हे सगळ्यात आधी होतं, कारण पंखाच्या मागच्या धारेवर सगळा दाब एका रेघेत येतो. शेवटपर्यंत तिथे मास्किंग टेप ठेवा. पंखाला फूटभर लांबीची सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घ्या, तिला १८० नंबरचा पेपर चिकटवा, मग २४०, ३२०. उघड्या बोटांनी घासलं की बोटांच्या रेषा उमटतात, आणि त्या चकचकीत रंगातच दिसतात. पंख धडाला मिळतो त्या गोलाईत रबरी नळीच्या तुकड्याला पेपर गुंडाळा. ओला पेपर सगळीकडे प्रायमर बसल्यानंतरच.

धुळीचा मास्क, फुल बाह्या, आणि सीलिंग फॅन बंद. काचेची पूड फॅनने घरभर जाते. अंगावर बसली तर आधी थंड पाणी.

भोकांवर प्रायमरचे हात चढवणं

फवाऱ्याने टाचणीभोक भरत नाही, वरून पातळ पडदा येतो आणि सुकताना तो फुटतो. ब्लेडने लांबी भोकात दाबून खरवडून काढा. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लांबी आकसते, म्हणून पातळ हात, दोनदा. खोल खड्ड्याला इपॉक्सीत मायक्रोबलून (पोकळ गोळ्यांची हलकी पूड) मिसळून भरा. गाडीची दोन भागांची लांबी सोपी असते पण जड. शेपटीत ५ ग्रॅम चढले आणि तोलबिंदूपासून शेपटीचं अंतर नाकाच्या तिप्पट असलं, तर नाकात १५ ग्रॅम शिसं. प्रायमर झाल्यावर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ फवारा मारून ४०० नंबरने घासा. काळं राहील तिथे खड्डा, लगेच निघेल तिथे उंचवटा.

रंग आणि रेषा

पावसात एनसी रंग पांढुरका पडतो, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. नायट्रो इंजिन असेल तर इंधनातलं मिथेनॉल एनसीला खातंच. टू-के पीयू (दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग) टिकतो, मात्र त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेट या घातक रसायनाला धुळीचा मास्क अडवत नाही. गाड्या रंगवणाऱ्या, हवा खेळती असलेल्या बूथवाल्या पेंटरकडे विमान द्या, चार पैसे जातील.

पॅनेलच्या (पत्र्यांच्या जोडांच्या) रेषा कोरण्याआधी बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जाऊन सी हॉक या जुन्या लढाऊ जेटशेजारी उभे राहा. त्याचे पंख टोकापासून टोकापर्यंत ११.८९ मीटर, १:६ मापात जवळपास दोन मीटर होतात. मॉडेलवर १ मिमीची खाच म्हणजे खऱ्या विमानावर ६ मिमीची फट. तशी फट तिथे शोधून बघा. कोरण्याऐवजी प्रायमरच्या दोन हातांमध्ये अर्ध्या मिलिमीटरहून बारीक टेप लावा, वरचा हात सुकायच्या आत टेप ओढून काढा आणि उठलेली कड ६०० नंबरने अलगद बसवा.