ट्युनिशियाचं वाळवंट: आम्ही केलेल्या या चुका तुम्ही टाळा

गाबेसच्या स्टँडवर उतरले आणि टॅक्सीवाल्याला एकदम कॉन्फिडन्समध्ये सांगितलं, "शेनिनी". त्याने मान डोलावली, बॅगा डिकीत टाकल्या आणि दहा-पंधरा मिनिटांत आम्हाला खजुराच्या एका दाट बागेत आणून सोडलं. मी आपली डोंगर शोधतेय. कड्याच्या कपारीत कोरलेली घरं आणि मधोमध पांढरीशुभ्र मशीद, हा फोटो सहा महिने माझ्या मोबाईलच्या वॉलपेपरला होता, आणि इथे समोर पाट, चिखल आणि एक गाढव. दक्षिण ट्युनिशियात शेनिनी नावाची दोन ठिकाणं आहेत हो! एक हे गाबेसच्या ओअ‍ॅसिसमधलं आणि दुसरं, आम्हाला हवं होतं ते, ततावीनजवळचं, म्हणजे तिथून सव्वाशे किलोमीटरच्याही पुढे.

मावशी मात्र (वय ६४, चिपळूणची, हट्टी) खूश. "अगं, ही तर आपली वाडीच की," म्हणाली. आणि खरंच होतं ते. वर उंच खजूर, त्याच्या सावलीत डाळिंब, अंजीर, केळी, आणि त्याच्याही खाली गवत नि भाजीचे वाफे. आपल्याकडे माड-पोफळी, त्याखाली केळ नि मिरवेल असते ना, तसंच. वरच्या झाडाने ऊन अडवायचं, खालच्याने ओल धरायची. माझ्या एक्सेलमध्ये ओअ‍ॅसिस या प्रकाराला टोटल चाळीस मिनिटं दिलेली होती आणि उंटाला एक पूर्ण दिवस, ही खरी पहिली चूक, शेनिनीची नंतर.

नावांचे घोळ

तर शेनिनीला जायचं असेल तर "शेनिनी ततावीन" असं जोडूनच सांगा. दुसरा घोळ मातमाताचा. मातमाता दोन आहेत, नवी आणि जुनी, मध्ये पंधरा किलोमीटर, आणि जमिनीत खणलेली घरं सगळी जुन्या मातमातात. गाबेसहून येणाऱ्या बऱ्याच गाड्या नव्या मातमातात थांबतात, माणसं उतरतात आणि साध्या सिमेंटच्या गावाकडे बघून "हेच का ते" म्हणतात. उतरलात चुकून तरी घाबरायचं नाही, तिथून पुढे गाड्या मिळतात, फक्त "मातमाता अल-कदीमा", म्हणजे जुनी, एवढं म्हणायला शिका.

आणि तिसरा घोळ सिनेमावाल्यांचा. हॉलिवूडच्या 'स्टार वॉर्स' या अंतराळवाल्या सिनेमातल्या ग्रहाचं नाव ततावीनवरून घेतलं म्हणून लोक ततावीन शहरात सेट शोधत फिरतात. तिथे सेट नाही! घराच्या शूटिंगचं एक ठिकाण मातमातात आहे (ते हॉटेल आहे) आणि वाळवंटातला मोठा सेट नेफ्ता-तोझरच्या बाजूला, म्हणजे दुसऱ्याच टोकाला. ततावीनला जायचं ते आजूबाजूच्या डोंगरगावांसाठी आणि क्सारांसाठी. क्सार म्हणजे सगळ्या गावाचं मिळून धान्याचं कोठार, एकावर एक रचलेल्या छोट्या कमानदार खोल्या, त्यांना घोर्फा म्हणतात, क्सार उलाद सुलतानला तर चार मजले आहेत. खोलीत बार्ली, गहू, तेल, आणि दाराला खजुराच्या लाकडाची फळी. आपल्या जुन्या वाड्यात भिंतीतलं बळद असायचं ना, तसलंच, फक्त अख्ख्या गावाचं एका जागी आणि उंच. लोक इथे पंधरा मिनिटं रील काढून निघतात. निदान बाहेर आलेली लाकडं कशासाठी आहेत ते विचारा (पोती दोरीने वर ओढायला), जिना चढून वरच्या खोलीत डोकावून बघा.

एका घरात दोन रुपये टेकवून पळू नका

जुन्या मातमातात जमिनीत मोठा गोल खड्डा खणतात, तो झाला चौक, आणि चौकाच्या भिंतीत आडव्या खोल्या कोरतात. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. काही घरांत अजून कुटुंबं राहतात आणि आत बोलवून चहा-पाव देतात, त्याचे थोडे पैसे द्यायचे असतात, कोणी तोंडाने मागत नाही पण अपेक्षा असते. चूक अशी होते की टूरची बस येते, वीस जण आत घुसतात, बाईचा फोटो, खाटेचा फोटो, स्वयंपाकघराचा फोटो, आणि बाहेर. फोटोआधी विचारा, नाही म्हटलं तर मोबाईल खिशात.

आम्ही गेलो त्या घरात कोपऱ्यात जातं होतं. दगडी, दोन तळ्यांचं, लाकडी खुंट्याचं, अगदी आपलं. मावशी विचारायच्या आत जाऊन बसली. त्या घरच्या बाईने हसत बार्ली पुढे सरकवली, मावशीने खुंटा धरला आणि दोन फेऱ्यांत लाजत लाजत ओवी सुरू. पीठ भरड पडत होतं. मग त्या बाईने मावशीच्या हातावर हात ठेवला आणि मूठ अर्धी करून दाखवली, म्हणजे घास कमी घाल. दोघींना एकमेकींची भाषा शून्य येत होती. आम्ही तिथे दोन तास होतो आणि पुढचा सनसेट पॉइंट बुडाला. बुडू दे.

लुआजचं गणित

दक्षिणेत फिरायचं साधन म्हणजे लुआज, आपली वडाप. आठ पॅसेंजर भरले की सुटणार, टाइमटेबल नाही. गाडीवरची पट्टी बघायची: लाल म्हणजे लांबचा पल्ला, निळी म्हणजे जवळपासच्या भागातली, पिवळी म्हणजे खेड्यापाड्यातली. आमची चूक म्हणजे दुपारी साडेतीनला स्टँडवर पोचणं. सकाळी गर्दी असते, गाडी पटापट भरते, दुपारनंतर माणसं कमी, आणि आम्ही दोघी नि एक कोंबडीवाले आजोबा असे दीड तास बसलो. यावर उपाय दोनच, उरलेल्या सीटचे पैसे तुम्ही भरा नाहीतर गुपचूप तिथेच मुक्काम करा. आम्ही पैसे भरले, आजोबांनी फुकटात प्रवास केला आणि वर आम्हालाच डाळिंब दिलं. ईदच्या दिवसांत आणि रमजानमध्ये इफ्तारच्या वेळेला प्रवास ठेवूच नका, रस्ते रिकामे होतात.

आणि नकाशावर देश छोटा दिसतो म्हणून ट्युनिसहून "दोन दिवसांत वाळवंट करून येऊ" हे डोक्यातून काढा. ट्युनिस ते तोझर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, तेही एका बाजूचं. मध्ये कैरवान आणि स्बेइतलाला थांबत गेलात तर प्रवास सुसह्य होतो.

पोटाचा प्रॉब्लेम, विशेषतः शाकाहाऱ्यांचा

तुम्ही सांगणार मांस नको. ते प्रेमाने मान डोलावणार. आणि ताटात टूना येणार! टूना म्हणजे तिकडे मांस नाहीच, सॅलडवर टूना, ब्रिकमध्ये (पातळ पारीचा तळलेला समोसाच म्हणा) टूना, भाजलेल्या मिरच्या-टोमॅटोच्या चटणीवर (मेशुइया म्हणतात, चव थेट आपल्या भरतासारखी) पण टूना आणि अंडं. त्यामुळे फ्रेंचमध्ये तीनही सांगा, "सां व्हियांद, सां थों, सां उफ", मांस नको टूना नको अंडं नको. कुसकुस (रव्याचे वाफवलेले दाणे) भाज्यांचा दिसला तरी रस्सा बहुतेक मटणाचाच असतो, त्यामुळे कट्टर असाल तर विचारून घ्या. लबलाबी म्हणजे छोले आणि शिळ्या पावाचे तुकडे, जिरं, हरिसा (लाल मिरचीची तिखट चटणी), हे टूना न घालता करून देतात, आणि सकाळच्या थंडीत याच्यासारखं काही नाही. हरिसा मात्र जपून. मी कोल्हापुरात चार वर्षं काढलीयेत, तरी पहिल्या चमच्याला कान लाल झाले.

मावशीला वाचवलं ते ब्सिसाने. भाजलेलं धान्य आणि हरभरे, बडीशेप-धणे घालून दळलेलं पीठ, ऑलिव्ह तेलात किंवा पाण्यात कालवून खातात. "सातूचं पीठ आणि मेतकुटाचं लग्न लागलंय," असं तिने जाहीर केलं. कुठल्याही मसाल्याच्या दुकानात सुटं मिळतं, प्रवासात बेस्ट.

खजुराच्या झाडाचा रस मिळतो, लाग्मी. सकाळचा ताजा घ्या, नीरेसारखा गोड असतो. उन्हात दिवसभर ठेवलेला घेतलात तर ती शिंदी झालेली असते, आणि मग पोट किंवा डोकं, दोन्हीपैकी एक जातंच.

वाळू आणि मीठ

केबिलीहून तोझरला जाताना रस्ता शोत एल जेरीद नावाच्या मिठाच्या सरोवरातून बांधावरून जातो. दोन्ही बाजूंना पांढरं, क्षितिजापर्यंत, चरांमधलं पाणी कुठे गुलाबी कुठे हिरवं, आणि लांबवर मृगजळ. थांबा, बघा, पण गाडी बांधाखाली उतरवू नका. वरचा मिठाचा पापुद्रा कडक दिसतो, खाली चिखल असतो. साधी भाड्याची कार वाळूच्या कच्च्या रस्त्यावर घालायची नाही, इन्शुरन्स तिथे बहुतेक चालत नाही. वाळूत चाक रुतलंच तर अ‍ॅक्सिलरेटर दाबून चाक गरगर फिरवू नका, जितकं फिरवाल तितकं खाली जाईल. चाकापुढची वाळू हाताने काढा, टायरची हवा कमी करा, हळू बाहेर या, आणि पक्क्या रस्त्यावर आलात की हवा परत भरा.

दूझ या वाळवंटाच्या तोंडावरच्या गावाच्या कडेला उंटावर अर्धा तास बसून सहारा झाला असं होत नाही, तिथे क्वाड बाइकांचा नुसता कल्ला असतो. खऱ्या मोठ्या टेकड्या आत दक्षिणेला आहेत, एक रात्र तरी ठेवा आणि स्वेटर न्या. दिवाळीनंतर रात्री जी काही थंडी पडते ना! जून ते सप्टेंबर मात्र जाऊच नका, पंचेचाळीस डिग्रीत कसलं फिरणं. अल्जीरिया आणि लिबियाच्या सीमेजवळ किंवा अगदी खोल दक्षिणेत जायचं असेल तर सध्याच्या सूचना आणि परमिट आधी बघून घ्या.

तोझरला पाणी बघा

तोझरच्या जुन्या गल्ल्यांमध्ये विटांची नक्षी बघायला सगळे जातात, बागेत कमी जातात. तिथे शेकडो वर्षं पाण्याची वाटणी घड्याळाने व्हायची, आणि घड्याळ म्हणजे बुडाला भोक असलेलं भांडं, गदूस. पाण्याने भरून टांगायचं, रिकामं झालं की एक माप संपलं, पाट पुढच्या माणसाकडे. तेराव्या शतकात इब्न शब्बातने या वाटणीचे नियम नीट बसवले असं मानतात. आपल्याकडे लग्नाच्या मुहूर्ताला घंगाळात घटिकापात्र सोडायचे, ते वाटीत पाणी शिरून बुडायचं, इथे पाणी गळून जायचं, एवढाच फरक. आता जुने झरे आटलेत, बोअरच्या पाण्यावर चाललंय, आणि हॉटेलांचे स्विमिंग पूल बघून मावशीने जे तोंड केलं ते मी इथे लिहीत नाही.

शेबिका, तमेर्झा, मिदेस या डोंगरातल्या ओअ‍ॅसिसना जाल तेव्हा वरची पडकी गावं "प्राचीन रोमन" समजून फोटो टाकू नका. १९६९ च्या पावसात ती वाहून खचली, वीसेक दिवस पाऊस थांबला नव्हता, आणि लोकांनी नवी घरं शेजारी बांधली. वाळवंटातलं गाव पावसाने गेलं.

अवशेष बघताना

दुग्गा, म्हणजे जुन्या रोमन शहराचे अवशेष, ट्युनिसपासून शंभरेक किलोमीटर, आणि वाळवंटात नाही, हिरव्या टेकडीवर. इथे लोक मोझेक शोधत फिरतात आणि हिरमुसतात, कारण चांगले मोझेक, युलिसिसचा सुद्धा, ट्युनिसच्या बार्दो म्युझियममध्ये नेलेत. म्हणून आधी बार्दो, मग दुग्गा (बार्दो सोमवारी बंद, आम्ही अर्थातच सोमवारी गेलो). इसवी सन १६८ च्या सुमाराचं साडेतीन हजार माणसांचं थिएटर सगळे बघतात, खालच्या बाजूचा उंच थडग्याचा मनोरा चुकवतात. १८४२ मध्ये ब्रिटिश कॉन्सल थॉमस रीडने त्यावरचा दोन लिपींतला शिलालेख काढून न्यायला तो मनोरा उतरवूनच टाकला, नंतर फ्रेंचांनी परत उभा केला. शिलालेख लंडनला. ऐकल्यासारखं वाटतंय ना?

एल जेमला (तिथलं मोठं रोमन अ‍ॅम्फिथिएटर बघायला) भर दुपारी जाऊ नका, सावली नाही. स्बेइतलाला पाणी बरोबर न्या, एवढंच.

पैसे, ड्रोन आणि "हिंदी"

दिनार देशाबाहेर नेता येत नाहीत, त्यामुळे थोडे थोडे बदला आणि पावत्या जपा, परत जाताना उरलेले बदलायला त्या लागतात. रुपये कोणी घेत नाही, युरो न्या. डोंगरगावांत एटीएमच्या भरवशावर राहू नका, ततावीन-तोझरलाच काढून ठेवा. ड्रोन घरी ठेवा, परवानगीशिवाय एअरपोर्टलाच जप्त होतो. पोलीस, चौक्या, सरकारी इमारतींचे फोटो नाही.

आणि कुठून आलात विचारल्यावर "हिंदी" म्हटलं की लोक हसतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तिकडे हिंदी म्हणजे फड्या निवडुंगाचं बोंड! मावशीने स्टँडवर छातीवर हात ठेवून "हिंदी, हिंदी" केलं तेव्हा फळवाल्याने हळहळत सांगितलं की सीझन संपला.

खजूर शेवटच्या दिवशी एअरपोर्टवर घेऊ नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तोडणी चालू असते, तोझर किंवा दूझच्या बाजारात देगलेत नूर फांदीसकट मिळतो, उजेडात धरला की आतली बी दिसते असा. एक खाऊन बघा, मग भाव. आम्ही पाच किलो घेतले, चिपळूणला पोचले तीन.