वनस्पतींच्या शास्त्रीय नावांचा अर्थ लावताना या चुका टाळा

तुतीच्या एका पाटीवरचं 'मोरस नायग्रा' खोडून मी 'मोरस नायगर' केलं होतं. मोरसच्या शेवटी 'अस' आहे, म्हणजे पुल्लिंग; मग 'काळा' हे विशेषणही पुल्लिंगीच हवं, असा माझा हिशेब. पाटी चार महिने तशीच मिरवत होती. मूळ नाव बरोबर होतं, चुकलो होतो मी. लॅटिन अजिबात येत नसतं तर ही चूक माझ्या हातून झालीच नसती.

खरं तर हे व्याकरण मराठी माणसाला जड जायला नको. आपल्याकडे पांढरा, पांढरी, पांढरं. तिकडे अल्बस, अल्बा, अल्बम. पहिला शब्द प्रजातीचं नाम आणि दुसरा विशेषण असेल, तर विशेषण नामाच्या लिंगानुसार बदलतं. 'लागवडीचा' या अर्थाचा एकच शब्द मुळ्यात राफानस सटायव्हस होतो, भातात ओरायझा सटायव्हा आणि वाटाण्यात पायसम सटायव्हम. हे तीन वेगळे शब्द समजून पाठ करणारे पुष्कळ भेटतात. दुसरा शब्द नामच असेल तर मात्र तो जागचा हलत नाही.

घोळ होतो तो शेवट पाहून लिंग ठरवण्यात. लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी, शेवटी 'अस' असला तरी. म्हणून पिंपळ फायकस रिलिजिओसा, आणि म्हणूनच माझी तुती नायग्रा. आता 'झाड म्हणजे स्त्रीलिंग' असा नियम करून बसाल, तर फणस आडवा येतो: आर्टोकार्पस हेटेरोफायलस. ग्रीक 'आर्टोस' म्हणजे पाव, 'कार्पोस' म्हणजे फळ. 'कार्पस'ने संपणारी नावं पुल्लिंगी धरतात, झाड असो वा नसो. कोकोचं थिओब्रोमा तर वरकरणी अगदी स्त्रीलिंगी वाटतं. पण 'थिओस' म्हणजे देव, 'ब्रोमा' म्हणजे अन्न, आणि ग्रीकमध्ये हे ब्रोमा नपुंसकलिंगी आहे. त्यामुळे कोकोच्या भावंडाचं नाव थिओब्रोमा ग्रँडिफ्लोरम. ते 'सुधारून' ग्रँडिफ्लोरा करू नका.

शंका आली तर अंदाज बांधत बसण्यापेक्षा त्याच प्रजातीतली आणखी दोन-तीन नावं काढून बघावीत. आयपीएनआय ही वनस्पतिनामांची सूची ऑनलाइन फुकट आहे, पाच मिनिटांत निकाल लागतो.

प्रजाती बदलली आणि नव्या नावाचं लिंग वेगळं असलं, की विशेषणाचा शेवटही बदलतो. सदाफुली आधी व्हिंका रोझिया होती, आता कॅथरँथस रोझियस आहे. यादीत 'कॅथरँथस रोझिया' दिसलं, तर कुणीतरी अर्धंच नाव बदललंय असं खुशाल समजा.

दुसरी चूक शब्द भलत्याच ठिकाणी तोडण्याची. हायड्रेंजियाचा अर्थ 'पाण्याची आवड असलेली' असा सर्रास सांगतात. झाडाला पाणी खरंच भरपूर लागतं, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. पण त्यात आहे 'हायडोर', पाणी, आणि 'अँजिऑन', भांडं. तिच्या फळाचा आकार पाणी भरायच्या भांड्यासारखा, म्हणून हे नाव. आवडीनिवडीशी त्याचा संबंध नाही. आवड सांगणारा तुकडा 'फिला': जिप्सोफिला म्हणजे जिप्समवर रमणारी. पण हायड्रेंजिया मॅक्रोफिलामधला 'फिला' आवडीचा नाही, पानाचा आहे; मोठ्या पानांची. रोमन लिपीत पहिल्यात 'आय' आणि एकच 'एल', दुसऱ्यात 'वाय' आणि दोन 'एल'. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून अर्थ लावण्याआधी रोमन स्पेलिंग बघाच. सूर्यफुलाच्या हेलिअँथस ॲन्युअसमध्येही 'यू' दोनदा लागतो. एक गळला तर 'वर्षायू'चं नुसतं 'वर्ष' होतं. सोबत एखादा 'एन'ही गळला तर जे होतं, ते पाटीवर नको.

इंग्रजीवरून अर्थ ओढून आणू नका. 'ऑफिसिनॅलिस' म्हणजे अधिकृत नव्हे. 'ऑफिसिना' ही औषधं बनवायची-साठवायची जागा, तेव्हा हा शब्द औषधी वनस्पतीचा. आल्याचं झिंजिबर ऑफिसिनेल तेच सांगतं. 'व्हल्गारिस'मध्ये अश्लील काही नाही, सामान्य एवढंच.

आणि सगळीच नावं लॅटिन-ग्रीक असतात असंही नाही. ती लॅटिनसारखी वागवली जातात. दतुरा हा आपलाच धत्तूर. चिंचेचं टॅमॅरिंडस अरबी 'तम्र हिंदी'वरून, म्हणजे हिंदचा खजूर. कडुनिंबाचं ॲझाडिराक्टा फारसी. मॅन्जिफेरा तर अर्धीमुर्धी: मँगोला लॅटिन 'फेरो', म्हणजे 'धारण करणे', जोडलंय. लॅटिन कोशात शब्द सापडला नाही की मनाने धातू रचणारे लोक मी पाहिलेत. आधी दुसऱ्या भाषा तपासाव्यात.

शेवटची चूक नावाला पत्ता मानण्याची. होहोबाचं नाव सिमंड्सिया चायनेन्सिस, पण झुडूप उत्तर अमेरिकेच्या सोनोरन वाळवंटातलं. चिंच इंडिका, मूळची आफ्रिकेची. सिला पेरुव्हियाना ही कंदाची फुलवनस्पती पश्चिम भूमध्य प्रदेशातली. पेरू देशात ती मूळची उगवतच नाही. या दोन शब्दी नामपद्धतीचा पाया घालणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ साली दिलेलं ते नाव केवळ अर्थ चुकतो म्हणून बाद करता येत नाही. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत या नियमाखाली उदाहरण म्हणून हीच सिला दिलेली आहे.