वाटून नको, मिळून: कोल्हापूरच्या घरात दोघांनी करायची रोजची कामं

घरातली कामं नवरा-बायकोनं वाटून घ्यावीत, हे आता बऱ्याच घरांत रुळलंय. भाजी त्यानं आणायची, डबा तिनं करायचा, पोरांचा अभ्यास त्यानं घ्यायचा, धुणं तिनं लावायचं. चांगलंच आहे. पण वाटून घेतलेली कामं दोघं दोन खोल्यांत, दोन वेळांना उरकतात. काम होतं, भेट होत नाही. म्हणून दिवसातलं निदान एक काम मिळून करावं: एकाच वेळी, एकाच जागी, चार हातांनी. कुठलं काम घ्यायचं, कसं करायचं आणि ते कुठं बिघडतं, ते पुढं दिलंय.

काम निवडताना तीन गोष्टी बघा. हात गुंतलेले असावेत पण तोंड मोकळं असावं. काम दहा ते पंचवीस मिनिटांत संपावं. आणि संपल्यावर समोर काहीतरी दिसावं. मिक्सर लावणं, व्हॅक्युम फिरवणं इथं चालत नाही, कारण आवाजात बोलणं मरतं. बिलं भरणंही नको. मटार सोलणं, मेथी निवडणं, शेंगा फोडणं, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या ही या कामासाठी सगळ्यात चांगली. एक किलो मटार दोघांनी सोलायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि दाणे साधारण निम्म्याच्या आसपास निघतात. मध्ये एकच परात ठेवा. दोन वाट्या ठेवल्या की ज्याचं त्याचं काम सुरू होतं, आणि हळूहळू कोण किती सोलतंय याकडं लक्ष जातं. टीव्ही बंद असावा. रेडिओ चालतो, कारण त्याच्याकडं बघावं लागत नाही.

चादरीची घडी हे तर फक्त दोघांचंच काम आहे. एकट्यानं दुहेरी चादर नीट दुमडतच नाही. समोरासमोर उभं राहून दोन-दोन टोकं धरा, ताणून एकदा झटका. सुरकुत्या तिथंच निम्म्या जातात. मग आडवी दुमड घाला. इथं हमखास घोटाळा होतो: दोघं समोरासमोर असल्यामुळं एकाची उजवी बाजू ती दुसऱ्याची डावी. "उजवीकडं घ्या" म्हटलं की चादरीला पीळ पडतो. त्यापेक्षा "खिडकीकडं" किंवा "दाराकडं" म्हणायचं. आडव्या दोन दुमडी झाल्या की एकानं जागेवर थांबायचं आणि दुसऱ्यानं आपली टोकं घेऊन चालत यायचं. टोकाला टोक लागतं, बोटाला बोट लागतं. आलेल्यानं टोकं समोरच्याच्या हातात द्यायची, खाली वाकून लोंबती घडी उचलायची आणि पुन्हा जवळ यायचं. एका चादरीला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. धावपळीच्या दिवसात दोघं एकमेकांकडं सरळ चालत येतात ती वेळ बऱ्याचदा हीच असते, म्हणून ही घडी घाईनं घालू नये.

सकाळचा चहा

दोन कप चहाला एक कप पाणी, एक कप म्हशीचं दूध, दोन चमचे पावडर, साखर आपल्या चवीनं आणि अर्धा इंच ठेचलेलं आलं. आलं पाण्यातच टाकून दोन मिनिटं उकळा, मग साखर-पावडर, दीड मिनिटानं दूध. कच्चं आलं थेट दुधात पडलं तर दूध फाटायची भीती असते, पाण्यात आधी उकळलं की ती राहत नाही. चहा एकानं करायचा, पण दुसऱ्यानं कट्ट्याशेजारी उभं राहायचं, कप विसळायचे, गाळणी धरायची. चहा तयार झाल्यावर हाक मारली की माणूस मोबाइल घेऊनच येतो, आणि कप हातात असताना डोळे स्क्रीनवर राहतात. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. बारा-पंधरा मिनिटं पुरतात.

ही वेळ सगळ्यात जास्त नासते ती हिशेबानं. "लाइटबिल भरलं का?" एवढ्या एका प्रश्नानं चहा बैठक होतो. त्यावर उपाय एकच आहे: पैशाच्या बोलण्याला वेगळा दिवस ठरवून द्या. शनिवारी रात्री जेवणानंतर वीस मिनिटं, वही-पेन घेऊन. आठवड्यात मध्येच काही आठवलं तर त्या वहीत टिपून ठेवायचं आणि गप्प राहायचं. टिपलेलं विसरलं जाणार नाही एवढी खात्री झाली की मन आपोआप शांत होतं.

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत तीन पाळ्यांत काम असेल तर सकाळचा चहा दर आठवड्याला हुकतो. अशा घरांनी घड्याळ धरू नये, प्रसंग धरावा. दुपारची पाळी असेल तर निघण्याआधीचं जेवण एकत्र घ्या. रात्रपाळी करून माणूस सकाळी येतो तेव्हा घरात डब्यांची गडबड असते. त्यानं लगेच आडवं न होता दहा मिनिटं डबे भरायला उभं राहावं: तिनं चपातीला तूप लावायचं, त्यानं भाजी भरून झाकणं लावायची. "आज गर्दी होती का?", "जेवला काय नीट?" एवढंच बोलणं पुष्कळ आहे. दमलेल्या माणसाकडून त्या वेळी मोठ्या गप्पांची अपेक्षा ठेवली की दोघंही खट्टू होतात.

एकत्र कुटुंबात, दोन खोल्यांच्या घरात अडचण वेगळी असते. सगळ्यांसमोर दोघांना निवांत बोलायला संकोच वाटतो. तिथं बाहेरचं काम मदतीला येतं. "आई, आम्ही कपिलतीर्थला जाऊन भाजी घेऊन येतो, तुम्हाला काय आणू?" असं विचारून निघावं. लपून-छपून निघालं की घरात कुजबुज होते, विचारून निघालं की होत नाही. आणि आईंनी सांगितलेली वस्तू, मग ती दोन केळी का असेना, विसरायची नाही. जाताना चालत जा, येताना पिशवीचा एक-एक बंद दोघांनी धरा.

संध्याकाळी बाहेर

रंकाळा सगळ्यांना माहीत आहे, पण बहुतेक जोडपी तिथं अंधार पडल्यावर पोहोचतात आणि भेळ खाऊन परत येतात. मावळतीच्या अर्धा तास आधी जा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला जातो, मे-जूनमध्ये सातच्या आसपास. चौपाटीच्या बाजूला कठड्यावर बसलं की सूर्य पाण्यापलीकडं मावळताना समोर दिसतो. आधी चाला, मग बसा, खाणं शेवटी. भेळ आधी घेतली की कागद हातात राहतो, चालणं राहून जातं. बोलायला काही सुचत नसेल तर सुचवू नका. शेजारी बसून एकाच गोष्टीकडं बघणं हेही मिळून केलेलं कामच आहे.

रात्री पाय मोकळे करायचे असतील तर गंगावेशीतला दूध कट्टा आहे. तिथं म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध पेल्यात देतात, वर पांढरा फेस. दोघांत एक पेला घ्यायला हरकत नाही. मात्र हे न तापवलेलं दूध असतं. गरोदर बाईनं आणि पोट नाजूक असलेल्यानं ते घरी नेऊन उकळूनच प्यावं.

वर्षातून दोनदा एक संध्याकाळ राखून ठेवण्यासारखी असते: अंबाबाईचा किरणोत्सव. देवी पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळं नोव्हेंबरच्या 9, 10, 11 आणि 31 जानेवारी, 1 व 2 फेब्रुवारी या सुमाराला मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत येतात. पहिल्या दिवशी पायांवर, मग वर छातीपर्यंत, शेवटच्या दिवशी मुखापर्यंत, असा क्रम परंपरेनं सांगतात. ढग आले, हवेत धूळ असली किंवा वाटेत आडोसा आला तर किरणं मध्येच थांबतात. मुखापर्यंत पोहोचतीलच असं धरून जाऊ नका. नोव्हेंबरात पाचच्या आधीच आत शिरा, गर्दी वाढते. पावसाळ्यात, पंचगंगेचं पाणी चढलेलं असताना, हे सगळं सोडून घरीच गॅसवर जाळी ठेवून कणीस भाजावं आणि दाणे दोघांत वाटून खावेत.

वर्षाची चटणी आणि रविवारचा रस्सा

उन्हाळ्यात कांदा-लसूण चटणी करायची असते तेव्हा बहुतेक घरांत बाई एकटी दोन दिवस खपते. ही दोघांनी करा. एक किलो मिरचीला (निम्मी संकेश्वरी तिखटपणाला, निम्मी ब्याडगी रंगाला) अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो धने, शंभर ग्रॅम तीळ, पन्नास ग्रॅम जिरं आणि पाव किलो मीठ धरा. गरम मसाला घरच्या अंदाजानं. मिरच्या कडक उन्हात दोन दिवस वाळवा, देठं दोघांनी मिळून खुडा. संध्याकाळी गच्चीवर बसून हे काम फार छान होतं, पण डोळ्याला हात लावू नका आणि हाताला आधी थोडं तेल चोळा. कांदा पातळ चिरून तेलात कुरकुरीत होईपर्यंत तळायचा. त्यात ओल राहिली तर चटणीला बुरशी येते, वर्षभराची मेहनत जाते. डंकावर, म्हणजे मसाला कुटून देणाऱ्या गिरणीत, दोघांनी जा. एकानं चाळणीकडं लक्ष ठेवायचं, दुसऱ्यानं मसाला पुढं द्यायचा. चटणी पूर्ण गार झाल्यावरच बरणीत दाबून भरायची.

आता रविवार. तांबडा-पांढरा रस्सा एकट्यानं करायचा म्हणजे धांदल होते, कारण दोन पातेली एकाच वेळी लक्ष मागतात. दोघांना मात्र हा स्वयंपाक अगदी मापात बसतो. सकाळी दहाला सुरू करा, साडेबाराला ताट वाढता येतं. सुरुवातीलाच ठरवा: एकजण वाटणाकडं, एकजण शेगडीकडं. ज्याच्या हातात सुरी त्यानं कांदा कसा चिरायचा ते ठरवायचं, दुसऱ्यानं शिकवायचं नाही. स्वयंपाकघरातली निम्मी भांडणं "असा नाही, असा चिरा"वरून होतात.

चार माणसांना अर्धा किलो मटण. धुऊन मीठ आणि दीड चमचा आलं-लसूण-कोथिंबीर वाटण लावून अर्धा तास ठेवा. हळद फक्त चिमूटभर, नाहीतर पांढरा रस्सा पिवळट दिसतो. कुकरमध्ये थोड्या तेलावर एक कांदा परतून मटण परता, सात कप गरम पाणी घाला, मध्यम आचेवर पाच-सहा शिट्ट्या. निघालेली अळणी, म्हणजे मटण शिजलेलं पाणी, गाळून घ्या. ती सहा कपांच्या आसपास भरते, निम्मी पांढऱ्याला, निम्मी तांबड्याला.

तोवर वाटणवाल्यानं एक चमचा खसखस, एक चमचा पांढरे तीळ आणि आठ काजू कोमट पाण्यात भिजवलेले असावेत, ते अगदी मऊ वाटा. अर्ध्या नारळाचं जाड दूध वेगळं, दुसऱ्यांदा पिळलेलं पातळ दूध वेगळं. दोन चमचे तुपात दोन लवंगा, चार मिरे, दालचिनी, दोन वेलदोडे. वाटण मंद आचेवर परता, रंग बदलू द्यायचा नाही. अळणी आणि पातळ दूध घालून एक उकळी. गॅस एकदम बारीक करून मग जाड दूध. ते आधी एका वाटीत पळीभर कोमट रस्सा घालून सारखं करून घ्यायचं आणि बारीक धारेनं सोडायचं. एकानं धार सोडायची, दुसऱ्यानं ढवळत राहायचं. हा या स्वयंपाकातला सगळ्यात नाजूक क्षण. दोन्ही हात एकाचे असले की ढवळणं थांबतं आणि रस्सा फुटतो. यानंतर उकळी नाही.

तांबड्याला दोन कांदे, पाव वाटी सुकं खोबरं आणि एक चमचा तीळ भाजून, लसूण-आलं-कोथिंबीर आणि एका टोमॅटोबरोबर वाटा. चार चमचे तेल तापवून गॅस बारीक करा आणि मगच दोन चमचे चटणी घाला. कडकडीत तेलात चटणी जळते, कडू होते, रंग काळपट येतो. वाटण तेल सुटेपर्यंत परता, मग अळणी गरम करूनच ओता. गार ओतली तर कट, म्हणजे तेलाचा तांबडा तवंग, वर येत नाही. दहा मिनिटं उकळा. थोडं वाटण बाजूला काढून त्यात मटणाचे तुकडे परतले की सुकं तयार.

चव शेगडीवाल्यानं बघू नये. अर्धा तास फोडणीच्या वासात उभं राहून त्याची जीभ आणि नाक बधिर झालेलं असतं. पळीतला एक थेंब दुसऱ्याच्या तळहातावर द्या आणि तोंडाकडं बघत थांबा. मीठ कमी असेल तर भुवईच सांगते.

भाकरीही दोघांनीच: एकानं थापायची, एकानं भाजायची. तव्यावर टाकल्याबरोबर वरून पाणी फिरवा. उशीर झाला तर पीठ सुकून भेगा पडतात. पाणी आटत आलं की उलटायची, मग जाळावर फुगवायची.

मटण न खाणाऱ्या घरात हेच सगळं अख्ख्या मसुरावर करा: एक वाटी मसूर दोन तास भिजवून दोन शिट्ट्या, शिजवलेलं पाणी अळणीच्या जागी.

सोमवार पाळत असाल तर रविवारी रात्रीच दोन्ही पातेली संपतील असं माप धरा. रात्री तांबडा खुशाल उकळा, दुपारपेक्षा चांगला लागतो. पांढऱ्याचं पातेलं मात्र थेट गॅसवर ठेवू नका. मोठ्या पातेल्यात पाणी तापवून त्यात ठेवा आणि दोघांपैकी जो मोकळा असेल त्यानं वाफ येईपर्यंत पळी हलवत राहावं.