हुरड्याच्या दिवसांत ज्वारीची राखण

रब्बी ज्वारीची पाखरांपासून राखण तीन-चार आठवड्यांचीच असते, पण ती सुरू कधी करायची इथेच बहुतेकांचे चुकते. सप्टेंबरअखेरीस पेरलेली मालदांडी (रब्बी ज्वारीचा वाण) साधारण 70–75 दिवसांत फुलोऱ्यात येते. फुलोरा सरून दाण्यात चीक भरला की चिमण्या येतात, हुरड्यावर आला की भोरड्या (गुलाबी मैना), राघू आणि पारवे. फुलोऱ्यातच पाखरे बुजवणारी चमकणारी फीत लावून मोकळे झालात, तर खरी गरज पडते तोवर पाखरांना तिची सवय झालेली असते. दाण्यात चीक दिसला की लावा, आधी नको.

त्याआधी दोन दिवस नुसते पाहा. पाखरांचे जेवण दोनदा असते: उजाडल्यापासून दहापर्यंत आणि चारपासून दिवस मावळेपर्यंत. चिमण्या बांधावरच्या झुडपांतून येऊन कडेच्या चार-सहा ओळी खातात. भोरड्यांचे तसे नाही. शेकड्यांचा थवा आधी बाभळीवर, कडुलिंबावर नाहीतर विजेच्या तारेवर बसतो आणि तिथून एकदम रानाच्या मध्यात उतरतो. म्हणून चिमण्यांसाठी कडा राखायची आणि भोरड्यांसाठी ते झाड. झाड तोडून उपयोग नाही, थवा पुढचे झाड धरतो.

चमकणारी फीत म्हणजे एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने चंदेरी पातळ पट्टी. एक एकर चौरस धरला तर बाजू सुमारे 64 मीटर. पाच-पाच मीटरवर ओळी घेतल्या तर 13 ओळी, म्हणजे 830 मीटर फीत. गाठी आणि तुटफूट धरून 900 घ्या. खांब दर दहा मीटरला, एकराला नव्वदेक. मालदांडीचे ताट सात फुटांच्या आसपास जाते, त्यामुळे बांबू दहा फुटी हवा: दीड फूट जमिनीत आणि फीत कणसांच्या वर फूटभर. आखूड बांबू लावला की फीत कणसांत अडकते आणि पहिल्याच वाऱ्यात फाटते.

ओळी दक्षिणोत्तर धरा. पाखरे येतात तेव्हा ऊन पूर्वेकडून किंवा पश्चिमेकडून तिरपे असते आणि ते फितीच्या रुंद अंगावर पडायला हवे. दोन खांबांमध्ये फितीला तीन-चार पीळ द्या. पीळ नसेल तर ती नुसती फडफडते. पीळ असला की चमक पळल्यासारखी दिसते आणि वाऱ्यात घूं-घूं आवाजही येतो. फार ताणू नका. फितीचीच गाठ मारली की ती गाठीवर कापली जाते, म्हणून टोक दुमडून चिकटपट्टी लावा आणि तिथे सुतळी बांधा. वारा पडलेल्या सकाळी फीत मुकी असते. त्या दिवशी माणूस लागतोच.

राखणाऱ्या माणसासाठी माळा (उंच मचाण) भोरड्या बसतात त्या झाडांच्या बाजूला घाला, रानाच्या मधोमध नव्हे. बसायची फळी कणसांच्या उंचीवर हवी, नाहीतर वर चढूनही ताटेच दिसतात.

गोफण ताग किंवा सुताच्या दोरीची विणतात. दोन्ही दोऱ्या अडीच-तीन फुटी, मधली झोळी चार-पाच बोटे लांब. एका दोरीचा फास बोटात अडकवायचा, दुसरीचे मोकळे टोक अंगठ्याने दाबून धरायचे. लिंबाएवढा मातीचा वाळवलेला गुंडा घाला. तो पडून फुटतो, दगडासारखा रानात राहून पुढे खुरप्याला, कुळवाला लागत नाही. डोक्यावर दोन-तीन फेरे उजवीकडून पुढे, पुढून डावीकडे असे घ्या आणि झोळी उजव्या खांद्याच्या बाजूला आली की मोकळे टोक सोडा. गुंडा उजवीकडे जात असेल तर लवकर सुटतोय, डावीकडे जात असेल तर उशिरा. नेम पाखरावर नसतो, थव्याच्या पुढच्या हवेत असतो. बांधापलीकडे माणूस, जनावर किंवा रस्ता असेल तर गुंडा घालूच नका: मोकळ्या टोकाला गोंडा बांधून रिकामी गोफण झटकली की चाबकासारखा फटका वाजतो, तेवढा पुरतो. आणि तो थवा झाडावर असतानाच वाजवा. कणसावर बसून चव घेतलेला थवा उठवला तरी घिरटी मारून परत येतो.

बुजगावणे चालते, पण त्याची जागा दोन-तीन दिवसांनी बदला, सदराही बदला. डोक्यावर पाखरू बसलेले दिसले की ते निवृत्त झाले असे समजा.

फटाके नकोत, वाळल्या पाचटाला आग लागते. कार्बाइडचा बार उडवणाऱ्या नळीने डोळे गेले आहेत. मासे धरायच्या जाळ्यात पाखरे अडकून मरतात. विष घातलेले दाणे टाकणे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे, शिवाय शेजाऱ्याची कोंबडीही ते दाणे खाते. भोरडी टोळ आणि अळ्याही फस्त करते, तिला हाकलायचे आहे, मारायचे नाही.

गावाच्या आधी किंवा मागे पेरलेल्या एकट्या तुकड्यावर सगळी पाखरे तुटून पडतात, तेव्हा पेरणी शिवाराबरोबर ठेवा. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा भरला. मग काढणी लांबवू नका. काढलेली ताटे वाळत असतानाही चिमण्या येतात, म्हणून कणसे खुडून खळ्यावर आणली की रात्री ताडपत्री आणि सकाळी दहापर्यंत कुणीतरी जवळ.