डिसॅबिलिटी पेन्शनचं अपील: मुदत हुकवणाऱ्या या चुका टाळा

सैन्यातल्या डिसॅबिलिटी पेन्शनचा (नोकरीत आलेल्या अपंगत्वासाठीच्या पेन्शनचा) क्लेम रिजेक्ट झाल्याचं पत्र आलं की पहिले दोन महिने घरात नुसती चिडचिड, मग कोणीतरी म्हणतं जुन्या सीओ (युनिटचे कमांडिंग ऑफिसर) साहेबांशी बोलू, मग जत्रा, मग लग्नसराई, आणि सहा महिने कधी संपले ते कळतच नाही. पहिलं अपील रिजेक्शन लेटर मिळाल्यापासून ६ महिन्यांत करायचं असतं, ते फेटाळलं तर दुसरं अपील परत ६ महिन्यांत. पत्रावरची तारीख आणि ते घरी आलं ती तारीख यात बरेचदा फरक असतो, म्हणून पाकीट फेकू नका, पोस्टाचा शिक्का त्याच्यावरच असतो.

दुसरी चूक म्हणजे मेडिकल बोर्डाचे (अपंगत्व तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाचे) कागद हातात येईपर्यंत थांबणं. आरटीआय टाका, जरूर टाका, पण अपील अडवून ठेवू नका, कागद मागवलेत असं अपिलातच लिहा आणि मुद्दे नंतर जोडा.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज दिला म्हणजे अपील झालं असंही अनेकजण धरून चालतात. तिथले लोक मदत करतात, पण अपील तुमच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे रेजिमेंटचं सर्व्हिस रेकॉर्ड ठेवणाऱ्या कार्यालयाला, पोचलं पाहिजे (मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचं बेळगावला), आणि स्पीड पोस्टची पावती आपल्याकडे पाहिजे.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते उत्तराची वाट बघण्यात. अपिलानंतर केस टाकायची जागा म्हणजे सशस्त्र सेना न्यायाधिकरण, एएफटी. तिथे केस टाकायच्या मुदतीबद्दल एएफटीच्या २००७ च्या कायद्यात साफ लिहिलंय, अंतिम आदेश आला तर त्या तारखेपासून ६ महिने, आणि ६ महिने काहीच उत्तर नाही आलं तर त्यापुढचे ६ महिने. म्हणजे १ जानेवारीला अपील दिलं आणि जूनअखेर सगळं शांत, तर जुलैपासून तुमची मुदत पळायला लागली, तिकडून कोणी फोन करून सांगणार नाही. आणि दर महिन्याला रिमाइंडर पाठवला म्हणून ती मुदत वाढत नाही, हे कृपया घरातल्या ज्येष्ठांना समजावा!

आधीच उशीर झालाय? तरी फाइल बंद करू नका. एएफटी उशीर माफ करू शकतं, पण सबळ कारण लागतं, तेव्हा हॉस्पिटलचे कागद वगैरे जे असेल ते जोडा. शिवाय पेन्शन दर महिन्याची बाब असल्याने हक्क सहसा पूर्ण बुडत नाही, बुडते ती थकबाकी. लष्करातल्या तरसेम सिंग यांच्या केसमध्ये ते १९८३ ला मेडिकलवर बाहेर पडले, हायकोर्टात गेले १९९९ ला, आणि २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने थकबाकी ३८ महिन्यांपुरतीच ठेवली. साधारणपणे केस टाकण्याच्या आधीची ३ वर्षं, एवढंच धरून चाला.

आपल्या महाराष्ट्रासाठी एएफटीचं खंडपीठ मुंबईत आहे. तिथे निकाल विरोधात गेला आणि सुप्रीम कोर्टात जायचं असेल तर आधी एएफटीकडेच परवानगीचा अर्ज करावा लागतो, त्याला फक्त ३० दिवस, आणि इतके दिवस सहा-सहा महिन्यांची सवय झालेली माणसं नेमकी इथेच फसतात.